‘पास’ आणि ‘पार’



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. तेव्हापासून उन्हे उतरली की चार माणसांनी एकत्र जमावे आणि एखाद्या विषयावर कोणी बोलेल ते स्वस्थपणे ऐकावे, ही मराठी मुलखाची एक चांगली सवय होऊन गेली आहे. या मालेत राजकारण, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय मांडले जातात. आम्ही मात्र आज एका लहानशा शब्दाविषयी बोलणार आहो. शब्द दोन अक्षरांचा आहे, इंग्रजी आहे, आणि शाळेची पायरी न चढलेल्या माणसाच्याही तोंडी आहे. तो शब्द म्हणजे ‘पास’.

हा विषय आम्हांस सुचला तो ग्रंथालयात नव्हे, तर येथेच, पळस्पे फाट्यावर. मागल्या महिन्यात पेणला जाण्यासाठी आम्ही फाट्यावर एसटीची वाट पाहत उभे होतो. गाडीला उशीर होता आणि कान मोकळे होते. शेजारी कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली उभ्या होत्या. एक म्हणाली, “अगं, माझा पास संपलाय, आज तिकीट काढावं लागणार.” चहाच्या टपरीवर एक ट्रकवाला दुसऱ्यास सांगत होता, “उद्या गाडी पास करायची आहे, कलर मारून आणली.” पलीकडे एक गृहस्थ फोनवर मोठ्याने बोलत होते, “पास झाला! एकाहत्तर टक्के!” दोन पंच ग्रामसभेतला कुठलासा ठराव पास झाला की नाही यावर वाद घालत होते. एक वृद्ध बाई आपल्या सोबतिणीस सांगत होत्या की, त्यांच्या दिरांची बायपास झाली आणि आता त्यांना बरे आहे. आणि कठड्यावर बसलेल्या एका तरुणास त्याच्या मित्राने विचारले, “काय करतोयस रे?” तर तो म्हणाला, “काही नाही, टाइमपास.”

अर्ध्या तासात एकच शब्द सहा प्रकारे आमच्या कानी पडला, आणि मौज अशी की एकालाही दुसऱ्याचा अर्थ विचारावा लागला नाही. तेव्हा आमच्या मनात आले की, हा शब्द आला कोठून, आपण त्याचे काय केले, आणि त्याने आपले काय केले, हे एकदा नीट पाहावे. या तीन प्रश्नांपैकी तिसरा महत्त्वाचा आहे. पण पहिले दोन ओलांडल्यावाचून तिसऱ्यापर्यंत जाता येणार नाही.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचांकडून आला आणि फ्रेंचांकडे तो लॅटिनमधून आला. लॅटिन भाषेत ‘पास्सुस’ म्हणजे पाऊल, किंवा अधिक नेमके सांगावयाचे तर चालताना टाकलेल्या पावलांमधले अंतर. रोमन सैनिक चालत जाई तेव्हा डाव्या आणि उजव्या पायाचे मिळून जे अंतर पडे, ते एक ‘पास्सुस’ धरीत. अशी हजार अंतरे झाली की एक मैल होई. ‘मिल्ले’ म्हणजे हजार, ‘मिल्ले पास्सुस’ म्हणजे हजार दुपावले. त्यातले ‘मिल्ले’ तेवढे टिकले आणि त्याचा मैल झाला. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, पुढे रस्त्यांवर किलोमीटरचे दगड लागले. पण बोलण्यात अजून ‘मैलाचा दगड’ टिकून आहे. तेव्हा ‘मैल’ आणि ‘पास’ हे एकाच कुटुंबातले शब्द होत. दोघांच्याही मुळाशी चालणाऱ्या माणसाचे पाऊल आहे.

पाऊल टाकणे यावरून पुढे जाणे, पुढे जाण्यावरून ओलांडून जाणे, आणि जेथून ओलांडून जाता येते ती डोंगरातली वाट म्हणजे ‘पास’, असा अर्थाचा प्रवास झाला. आपण ज्याला घाट किंवा खिंड म्हणतो, त्याला इंग्रज ‘पास’ म्हणतो. आता पळस्पे हे गाव कोठे वसले आहे ते पाहा. एक रस्ता येथून बोरघाटाकडे जातो, दुसरा कर्नाळ्याच्या खिंडीतून कोकणात उतरतो आणि पुढे पार कन्याकुमारी गाठतो. पूर्वी या रस्त्यांचे क्रमांक चार आणि सतरा होते, २०१० साली क्रमांक बदलल्यापासून ते अठ्ठेचाळीस आणि सहासष्ट झाले. गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० साली बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला, १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी चढली आणि २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. म्हणजे जाणे, ओलांडणे आणि वाट मिळणे हाच या गावाचा इतिहास आणि हाच त्याचा भूगोल. ‘पास’ या शब्दाचा विचार करावयास याहून योग्य जागा आम्हांस तरी ठाऊक नाही.

या शब्दाचा गोतावळा मोठा आहे. चालणारा तो ‘पॅसेंजर’. आपण मात्र माणसाला सोडून गाडीलाच पॅसेंजर म्हणू लागलो, तीही सर्व स्थानकांवर थांबणारी. घरातल्या दोन खोल्यांमधली जाण्यायेण्याची जागा म्हणजे ‘पॅसेज’. इंग्रजीत भूतकाळाला ‘पास्ट’ म्हणतात, तो ‘गेलेला’ या अर्थाच्या रूपाचाच निराळा लेखनप्रकार आहे. बंदरातून किंवा वेशीतून जाऊ द्यावे म्हणून दिलेला कागद तो ‘पासपोर्ट’. पहाऱ्यावरच्या शिपायाने अडवू नये म्हणून उच्चारावयाचा गुप्त शब्द तो ‘पासवर्ड’, ज्याला आपल्याकडे ‘परवलीचा शब्द’ असे सुरेख नाव आहे. बँक आणि खातेदार यांच्यामध्ये सारखे ये-जा करणारे म्हणून ‘पासबुक’, असे सांगतात. गावाला वळसा घालून जाणारा रस्ता ‘बायपास’. आणि हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालून रक्ताला नवी वाट करून देतात, तीही ‘बायपास’. रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यवैद्याने १९६७ साली अमेरिकेत ही शस्त्रक्रिया रूढ केली. आज पळस्प्याच्या बसथांब्यावरची आजीबाई तिचे नाव बिनचूक घेते. आणि ‘टाइमपास’? इंग्रज करमणुकीला ‘पासटाइम’ म्हणतो. आपण त्याचे दोन शब्द उलटे जोडले आणि शेंगदाणे विकणाऱ्यापासून २०१४ सालच्या मराठी चित्रपटापर्यंत सर्वांना तो शब्द वाटून टाकला.

हे झाले शब्दाचे माहेर. आता सासरी त्याचे काय झाले ते पाहू. इंग्रजीत ‘पास’ हे मुख्यतः क्रियापद आहे. ते स्वतःच्या पायांनी चालते. मराठीत आल्यावर त्याचे चालणे थांबले. त्याला एका जागी बसवून आपण शेजारी मराठी क्रियापद उभे केले, आणि अर्थ ठरविण्याचे काम त्या क्रियापदाकडे दिले. ‘पास काढला’ म्हटले की गाडीचे सवलतीचे तिकीट. ‘पास झाला’ म्हटले की परीक्षा. ‘पास करून घेतला’ म्हटले की ठराव किंवा बिल, आणि कधी कधी साहेबाच्या मेहरबानीने कसाबसा वर ढकललेला विद्यार्थी. ‘पास दिला’ म्हटले की मैदानावरचा चेंडू, नाहीतर नाटकाचे फुकट तिकीट. ‘पासिंग’ म्हटले की मोटारींची तपासणी आणि नोंदणी. ‘शेहेचाळीस पासिंगची गाडी’ म्हटले की ती पनवेलच्या परिवहन कार्यालयाची, हे येथल्या लहान मुलालाही कळते. आणि लोकलमधला तिकीट तपासनीस समोर आला की नित्याचा प्रवासी खिशात हातही न घालता नुसते ‘पास’ एवढेच म्हणतो. तेथे तो शब्दच तिकिटाचे काम करतो.

आणखी एक गंमत सांगतो. मराठीत आपला स्वतःचाही एक ‘पास’ आहे. ‘आसपास’, ‘जवळपास’, ‘पासून’, ‘माझ्यापाशी’ यांतला तो पास संस्कृत ‘पार्श्व’ या शब्दापासून आला. पार्श्व म्हणजे कूस, बाजू. इंग्रजी पास आपल्याला सोडून पुढे जातो. मराठी पास आपल्या कुशीला बसतो. दोघांचा उच्चार एक, स्वभाव अगदी उलट. हा स्वभावभेद लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला त्याचे काम पडणार आहे.

येथे कोणी विचारील की, परक्या शब्दाचे एवढे कौतुक कशाला? त्याला हाकलून आपला शब्द का वापरू नये? प्रश्न जुना आहे आणि योग्य आहे. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करविला तो याच विचाराने. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली आणि ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द आपल्या अंगवळणी पाडले. माधव जूलियनांनी, ज्यांची आधीची कविता फारशी शब्दांनी नटलेली होती, १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. या सर्वांविषयी आमच्या मनात आदर आहे. पण इंग्रजी ‘पास’ येण्यापूर्वी त्याच्या जागी काय होते ते पाहिले, तर तेथे ‘दस्तक’, ‘राहदारी’, ‘परवाना’ हे शब्द दिसतात, आणि हे तिन्ही फारशीतून आलेले आहेत. म्हणजे पाहुण्याच्या जागी दुसरा पाहुणा बसला. म्हणून शब्द परका की घरचा, एवढ्यावर आमची तक्रार नाही. आमची तक्रार वेगळी आहे. ‘पास’ हा चालण्याचा शब्द होता. तो आपण अडविण्याचा शब्द करून ठेवला.

जेथे वाट आहे तेथे अडविणारा असतोच, हे या भागाला नवे नाही. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान घाट उतरून कोकणात येत असता महाराजांनी त्याला खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत दोन्ही बाजूंनी कोंडले. खान शरण आला, जवळचे द्रव्य आणि सामान त्याने खाली ठेवले, तेव्हा त्याला जाऊ दिले. ती लढाई होती. शत्रूची वाट अडविणे हे तेथे कर्तव्य होते. पण आपल्याच माणसाची वाट कागदावाचून अडते, तेव्हा काय होते?

त्याचे उदाहरण पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की भेटते. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचे गाव. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी त्यांचा जन्म झाला. पुण्यास ते लष्करी हिशेबखात्यात कारकून होते. आई अत्यवस्थ असल्याचे कळले म्हणून त्यांनी रजा मागितली. ती रजा वेळेवर मिळाली नाही, आजच्या भाषेत ‘पास’ झाली नाही. ते घरी पोहोचले तेव्हा आई गेली होती. फडक्यांनी पुढे इंग्रजी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले, १८७९ साली ते पकडले गेले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्यांच्या बंडामागे दुष्काळात होरपळलेल्या रयतेचे दुःख होते, देशाचे दुःख होते. ते एका रजेच्या अर्जामुळे घडले असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. परंतु एका कागदावर एक शेरा वेळेवर न पडल्याने एका मुलाला आईचे शेवटचे दर्शन मिळाले नाही, ही गोष्टही विसरता येण्यासारखी नाही.

आणि हे फार जुने झाले म्हणाल, तर २०२० साल आठवा. साथीच्या दिवसांत एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्यासाठी पोलिसांचा ‘ई-पास’ लागे. गणपती ऑगस्टच्या २२ तारखेस होते. कोकणात जाणाऱ्यांनी १२ तारखेपूर्वी पोहोचावे, दहा दिवस वेगळे राहावे, एसटीने जाईल त्याला पास लागणार नाही, स्वतःच्या वाहनाने जाईल त्याला लागेल, असा त्या वर्षीचा नियम होता. दर वर्षी गणपतीच्या आधल्या रात्री ज्या फाट्यावर गाड्यांची रीघ लागते, तेथे त्या वर्षी पहिला प्रश्न ‘कुठे चाललात?’ असा नव्हता. ‘पास आहे का?’ असा होता. नियम गैर होता असे आम्ही म्हणत नाही. साथ खरी होती आणि माणसे मरत होती. २ सप्टेंबरपासून तो पास रद्दही झाला. पण त्या महिन्यात आपल्याला एक गोष्ट कळली. ज्याच्याकडे पास असतो त्याला पास दिसत नाही. ज्याच्याकडे नसतो, त्याला दुसरे काहीच दिसत नाही.

पुढे, १५ ऑगस्ट २०२५ पासून, राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांसाठी खाजगी मोटारींना तीन हजार रुपयांत वर्षाचा किंवा दोनशे फेऱ्यांचा पास निघाला. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांना टोलमाफीचे पास मिळतात. ही सोय आहे आणि तिचे स्वागत असो. तिकिटाचे, टोलाचे, रजेचे पास येतील आणि जातील. परंतु एक पास असा आहे की तो नसल्याचा डाग जन्मभर पुसत नाही. तो म्हणजे परीक्षेचा.

श्रोतेहो, ‘नापास’ या शब्दाकडे नीट पाहा. त्यातला ‘ना’ फारशीचा; नाराज, नापसंत, नालायक यांच्यातलाच. ‘पास’ इंग्रजीचा. दोन परक्यांची गाठ मराठीने आपल्या अंगणात बांधली. हिंदी भाषकांनी इंग्रजीतून ‘पास’ घेतला आणि त्याच्या जोडीला ‘फेल’ही घेतला. आपण मात्र ‘नापास’ हा आपला स्वतःचा शब्द घडविला. कारागिरी म्हणून पाहिले तर शब्द बेमालूम आहे. पण त्याने एक अनर्थ केला. ‘पास झाला’ ही घडलेली गोष्ट आहे. ती घडते आणि मागे पडते. चाळिशीतल्या माणसाला कोणी ‘हा पास माणूस’ म्हणत नाही. ‘नापास’ मात्र विशेषण होऊन माणसाला चिकटतो. ‘दहावी नापास’ हे पद गावात पंचवीस पंचवीस वर्षे एखाद्याच्या नावापुढे राहते. पस्तीस गुणांची रेघ, आणि त्या रेघेच्या अलीकडे तेहतीस गुणांवर उभा राहिलेला मुलगा. दोन गुणांचे अंतर; पण शब्द असा की त्याने त्या मुलाचे सारे नाव झाकून टाकावे.

याच ठिकाणी आपला स्वतःचा शब्द काय सांगतो ते ऐकण्यासारखे आहे. गुणपत्रिकेवर आपण ‘उत्तीर्ण’ असे छापतो आणि तोंडाने पास म्हणतो, त्यामुळे उत्तीर्णाचा अर्थ आपल्या ध्यानातच येत नाही. ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे, पाणी ओलांडणे. त्यापासून उत्तीर्ण झाला. जो पाण्यातून पलीकडे निघाला तो उत्तीर्ण. त्याच धातूपासून ‘तीर्थ’ झाले. तीर्थ म्हणजे मुळात नदी उतरण्याची जागा. त्याचपासून ‘तारू’ झाले, ‘तारणे’ झाले, आणि कोकणातल्या खाड्यांवरची ‘तर’ झाली. पलीकडच्या काठाला आपण ‘पार’ म्हणतो. कार्य ‘पार पडते’, विद्येत माणूस ‘पारंगत’ होतो, आणि पासपोर्टाला सरकारी मराठीने ‘पारपत्र’ हे नाव दिले आहे.

रोमन माणसाने ओलांडण्याची कल्पना रस्त्यावरून केली, आपल्या पूर्वजांनी ती नदीवरून केली. फरक लहान दिसतो, पण मोठा आहे. रस्त्यावर प्रत्येकजण आपापल्या पायांनी जातो. जो मागे राहिला तो मागे राहिला. नदीवर तसे नसते. तेथे पाणी खोल आहे हे सर्वांना ठाऊक असते, नाव लागते, नावाडी लागतो, आणि या खेपेस जागा नाही मिळाली तर नाव परत येते. काठावर उभ्या राहिलेल्या माणसाला कोणी ‘नापास’ म्हणत नाही. तो अजून जावयाचा आहे, एवढेच म्हणतात.

आता आम्हांस आमच्याच एका चुकीविषयी सांगावयाचे आहे. आम्ही बरीच वर्षे शिक्षक होतो. आमच्या वर्गात या पंचक्रोशीतला एक मुलगा होता. अक्षर गचाळ, इंग्रजी कच्चे, पण हात फार हुशार. वर्गातला पंखा अडला की तोच खटपट करून चालू करी. तो दहावीला इंग्रजीत आणि गणितात राहिला. निकाल घ्यावयास आला तेव्हा आम्ही त्याला कागद दिला आणि म्हणालो, “नापास झालास.” एवढेच म्हणालो. पुढच्या मुलाचे नाव पुकारावयाचे होते. तो काही बोलला नाही. कागदाची चौघडी करून खिशात घातली आणि गेला. ऑक्टोबरला तो बसला नाही. पुन्हा कधी शाळेत आला नाही.

गेल्या वर्षी फाट्यावर एक ट्रक आमच्याजवळ येऊन थांबला. उतरलेल्या माणसाने वाकून नमस्कार केला. केस पिकलेले, अंगाने भरलेला. त्याने ओळख सांगितली तेव्हा आम्हांस तो पंखा आठवला. आता त्याच्या स्वतःच्या तीन गाड्या आहेत. आम्हांस आनंद झाला आणि आम्ही, शिक्षकाच्या सवयीने, म्हणालो, “वा! म्हणजे आयुष्यात पास झालास की!” तो हसला. मग म्हणाला, “सर, एक बोलू का? राग मानू नका. ही गाडी दर वर्षी पासिंगला न्यावी लागते. ब्रेक बघतात, लाइट बघतात, टायर बघतात. मागल्या साली नापास केली. पण नापास म्हणून हाकलली नाही. काय काय खराब आहे ते लिहून दिलं आणि सांगितलं, एवढं नीट करून परत आणा. मी ब्रेक केले, लाइट बदलले, परत नेली, पास झाली. गाडीला सांगतात, सर. मला तेव्हा कुणी सांगितलं नाही काय नीट करून आणायचं ते.”

श्रोतेहो, आम्ही त्याला उत्तर देऊ शकलो नाही. लोखंडाच्या गाडीला जी वागणूक मिळते, ती आम्ही एका सोळा वर्षांच्या मुलाला दिली नव्हती. त्याची परीक्षा घेणे चूक नव्हते. ब्रेक नसलेली गाडी घाटात सोडणे हा दयाळूपणा नव्हे. गणित न येणाऱ्याला येते असे सांगणे हाही दयाळूपणा नव्हे. चूक ही की, दोष कोठे आहे ते न सांगता आम्ही शेरा मारला आणि पुढचे नाव पुकारले.

कायद्यानेही या बाबतीत बरीच उलटसुलट वाट चालून पाहिली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाही मुलाला मागे ठेवावयाचे नाही असे ठरविले. २०१९ साली त्यात दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीच्या अखेरीस परीक्षा घेण्याची मोकळीक राज्यांना मिळाली आणि आपल्या राज्याने २०२३ साली तशी व्यवस्था केली. काहींना पहिले बरे वाटते, काहींना दुसरे. त्या वादात आज शिरत नाही. पण २०१९ च्या दुरुस्तीतली एक गोष्ट आमच्या ट्रकवाल्याच्या बोलण्याशी जुळते. ज्या मुलाला जमले नाही त्याला जादा शिकवावे आणि दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेला बसू द्यावे, असे तीत लिहिले आहे. दहावीच्या मुलांसाठीही २०१५ पासून ऑक्टोबरची वाट न पाहता जुलैतच फेरपरीक्षा घेण्याचे सुरू झाले. म्हणजे नाव परत येण्याची सोय झाली. कागदावर तरी झाली. आता काठावर कोणी हात द्यावयास उभा आहे की नाही, हे कायदा पाहू शकत नाही. ते शाळेने, घराने आणि गावाने पाहावयाचे आहे.

म्हणून ‘पास’ हा शब्द टाकून द्या असे सांगावयास आम्ही उभे नाही. तो आता आपला झाला आहे. एसटीत, नाक्यावर, ग्रामसभेत तो सुखाने नांदो. आमचे मागणे एवढेच की त्याचे मूळचे पाऊल त्याला परत द्या. थोड्या दिवसांत निकाल लागतील. या मांडवात बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी, कोणाच्या शेजारी एखादा मुलगा किंवा मुलगी कागदाची चौघडी करून खिशात घालील. त्या वेळी त्या मुलाला नापास म्हणून हाक मारू नका. ‘कोठे अडले?’ असे विचारा. ‘अजून पार झाला नाहीस, होशील, चल, बसू या’ असे म्हणा. इंग्रजीचा पास पुढे निघून जातो. त्या दिवशी त्या मुलाला आपला मराठी पास हवा असतो, त्याच्या कुशीला बसणारा, त्याच्यापाशी थांबणारा.

आमच्या त्या विद्यार्थ्याने जाताना ट्रकमध्ये चढून हात केला आणि गाडी गोव्याच्या रस्त्याला लावली. आम्ही त्याच्या गाडीकडे पाहत उभे राहिलो. मागल्या बाजूला नेहमीच्या रंगीत अक्षरांत काही लिहिले होते. आम्ही चष्मा पुसून वाचीपर्यंत गाडी वळणाआड गेली होती.